महाड-पोलादपूरची डोंगरी शेती : राबापासून ताटापर्यंत

रायगड जिल्ह्याचे नाव घेतले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अलिबागचा किनारा, पेण-उरणची मिठागरे किंवा अलीकडच्या काळात वाढलेली पनवेलची वस्ती येते. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी वसलेले महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके मात्र या चित्रात सहसा नसतात. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरच्या खोऱ्यातून महाडास येते, तेथे तिला गांधारी मिळते. एका बाजूस वरंधा घाट भोरकडे चढतो, दुसऱ्या बाजूस आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे. या दोन घाटांच्या दरम्यान आणि भोवताली डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या वाड्या व कोंड हेच येथील खरे ग्रामजीवन होय. पाऊस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक. तरीही एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

शेतीच्या दृष्टीने येथील जमिनीचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. नदीकाठची व ओढ्यालगतची बांध घातलेली भाताची खाचरे, उतारावरची वरकस जमीन आणि घराभोवतीचे परसू. खाचरात भात, वरकसात नाचणी, वरी, हरीक व खुरासणी, आणि भात निघाल्यावर खाचराच्या ओलीवर वाल किंवा कुळीथ, अशी ही जुनी रचना होती. आजही ती पुष्कळ ठिकाणी तग धरून आहे, परंतु तिचा एकेक धागा सुटत चालला आहे.

शेती व अन्नव्यवस्था यांचे निसर्गाला पेलेल अशा पद्धतीकडे संक्रमण व्हावे, असा विचार आता जगभर मांडला जात आहे. आपल्या देशातही राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. या विचाराचे स्वागत करतानाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. पंजाबातील गहू-भाताच्या पट्ट्यात किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या उसाच्या पट्ट्यात संक्रमण म्हणजे पाणी व रसायने यांचा अतिरेक कमी करणे. पोलादपूरच्या डोंगरातील शेतकऱ्याने यांपैकी फारसे काही घेतलेच नाही, तेव्हा त्याने सोडावयाचे ते काय? त्याच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. माती उतारावर कशी टिकवावी, लावणीच्या तीन-चार आठवड्यांत माणसे कोठून आणावीत, आणि पिकविलेली नाचणी घेणार कोण, हा तो प्रश्न. बाहेरून एखादा नमुना आणून तो येथे बसविण्यापेक्षा, येथे जे आहे त्यातले कष्ट कमी करणे आणि त्यास गिऱ्हाईक मिळवून देणे, हाच मार्ग प्रस्तुत लेखकास अधिक व्यवहार्य वाटतो.

राब आणि भाजावळ

प्रारंभ राबापासून करणे उचित ठरेल, कारण कोकणातील भातशेतीचे वर्ष तेथूनच सुरू होते. पावसाळ्यापूर्वी रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांची कवळ, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून, वर बारीक माती पसरून ते पेटवितात. या भाजावळीने तणाचे बी जळते, जमिनीतील काही कीड नाहीशी होते आणि राखेतून पालाश मिळते. पहिल्या पावसात भाजलेल्या जमिनीवर बी टाकले की दाढ जोमाने उगवते. रोप तजेलदार, तण कमी. शेतकऱ्याने ही रीत शतकानुशतके सोडली नाही ती केवळ अज्ञानामुळे, असे म्हणणाऱ्यांनी भाजलेली व न भाजलेली दाढ शेजारी शेजारी पाहावी.

राबाचा वाद जुना आहे. झाडांच्या फांद्या तोडल्याने जंगलाची हानी होते असे वनखात्याचे म्हणणे, आणि राबाशिवाय भात होत नाही हे रयतेचे म्हणणे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील या व अशा तक्रारींच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला होता. (आजचा रायगड जिल्हा म्हणजेच तेव्हाचा कुलाबा; नावात बदल झाला तो १ जानेवारी १९८१ रोजी.) पुढे भारतीय शेतीची पाहणी करण्यास आलेल्या डॉ. फोएलकर यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे हा प्रश्न सरकारी कागदपत्रांत आहे, आणि तो नुसत्या मनाईने सुटला नाही.

तो सुटू शकतो तो राबाचे काम दुसऱ्या रीतीने करून दिल्यास. या दिशेने महाराष्ट्रात झालेला एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली भाताची चारसूत्री लागवड. पहिले सूत्र भाताच्या अवशेषांच्या फेरवापराचे. गिरणीतून निघणाऱ्या तुसाची काळसर राख दाढीच्या गादीवाफ्यात मिसळावयाची, आणि पेंढा खाचरात गाडावयाचा. तुसात सिलिका विपुल असते. ती मिळाल्याने रोप कणखर होते व कीडरोगास सहसा बळी पडत नाही. रान तोडून राख करण्याऐवजी गिरणीमागे पडून राहणारे तूस वापरणे, हा यातला मर्म. दुसरे सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचे. बांधावर सहज वाढणाऱ्या या झाडाचा कोवळा पाला हेक्टरी सुमारे तीन टन चिखलणीपूर्वी खाचरात पसरावयाचा. तिसरे सूत्र नियंत्रित लावणीचे आणि चौथे युरिया-डीएपीच्या गोळ्यांचे.

तिसऱ्या व चौथ्या सूत्राचा मेळ मुळातून समजून घेण्याजोगा आहे. रोपे सुधारित दोरीच्या साहाय्याने आळीपाळीने १५ व २५ सेंटिमीटर अंतरावर लावतात. त्यामुळे चार चुडांचा एक लहान चौकोन तयार होतो. लावणीच्याच दिवशी अशा प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचावयाची. पावसाच्या धारेत फोकून दिलेला युरिया कोकणात पिकाआधी ओढ्याला मिळतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. खोचलेली गोळी मुळांजवळ राहून हळूहळू विरघळते. या ठिकाणी शिक्षक वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. एका चौकोनास दोन्ही दिशांनी ४० सेंटिमीटर जागा लागते; तर एका हेक्टरात चौकोन किती, गोळ्या किती, आणि खत किती किलो? उत्तर ६२,५०० गोळ्या व सुमारे १७० किलो असे येते. सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतःच्या खाचराच्या मापावर करून घरी सांगितले, तर पुस्तकातील क्षेत्रफळाच्या उदाहरणापेक्षा ते अधिक काळ ध्यानात राहील.

चारसूत्रीचा उणेपणा इतकाच की तिला माणसे लागतात. वाकून दोरीने लावणे व गोळ्या खोचणे हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे, आणि त्यांची संख्या गावात घटत आहे. याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील नेरळ येथे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा भात तंत्र या अडचणीवर उलट बाजूने उत्तर देते. त्यात नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. एकदा केलेले कायमस्वरूपी गादीवाफे, लोखंडी साच्याने पाडलेल्या भोकांत थेट बी टोकणे, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू देणे. मुळे कुजून जमीन भुसभुशीत होते, गांडुळे वाढतात, आणि चिखलणीच्या गढूळ पाण्याबरोबर जाणारी माती जागच्या जागी राहते. उताराच्या प्रदेशास हा शेवटचा लाभ सर्वांत मोठा समजला पाहिजे. मात्र चिखल व साचलेले पाणी जे तण दाबून ठेवीत असे, ते आता तणनाशकाने आवरावे लागते. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र शासनाने २०२२ मध्ये निर्बंध घातले आहेत, हे लक्षात घेता ज्या वाड्यांचे पिण्याचे पाणी खाचराखालच्या झऱ्यावर अवलंबून आहे तेथे या बाबतीत हात आखडता ठेवणे बरे. लहान क्षेत्रावर एक-दोन हंगाम पाहून मगच विस्तार करावा.

वरकस ओस का पडली

खाचरापेक्षा वरकस जमिनीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. जुन्या क्रमात पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक किंवा खुरासणी, आणि त्यानंतर काही वर्षे जमीन पडीक, असा फेर असे. पडीक वर्षांत झुडपे वाढत, माती सावरत असे. कुटुंबे वाढली तसा हा फेर आखूड झाला. आणि नंतर माणसेच मुंबईस गेल्याने तो पार थांबला. आज डोंगरावर जुन्या पायऱ्यांच्या बांधांच्या खुणा दिसतात, त्यावर रान माजलेले असते.

माणसे का गेली याचा शोध घेताना जमिनीच्या हक्काचा इतिहास डावलता येत नाही. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह सर्वांस ठाऊक आहे. त्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले, हे तुलनेने कमी जणांस माहीत असते. खोती कायद्याने संपुष्टात आली ती १९४९ च्या अधिनियमान्वये. आणि कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणाऱ्यास मालकी मिळाली. तोवर गिरणगावाशी बांधली गेलेली दोन पिढ्यांची नाळ मात्र तुटली नव्हती, ती १९८२ च्या गिरणी संपानंतरही पूर्णपणे तुटली नाही. चाकरमानी गणपतीस व शिमग्यास येतो, घराची डागडुजी करतो आणि परत जातो. त्याच्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनची डझनभर नावे असतात.

येथेच एक चमत्कारिक पेच आहे. कसणाऱ्यास न्याय देणाऱ्या कायद्याची आठवण अजून ताजी असल्याने, आपली जमीन दुसऱ्यास कसावयास दिली तर तो कूळ लागेल, या भीतीने मालक ती ओस ठेवणे पसंत करतो. शेजारी कसण्यास तयार असलेला भूमिहीन किंवा अल्पभूधारक, आणि त्याच्या डोळ्यांदेखत रान माजलेली जमीन. निती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचविला, त्यामागे मालकाचा हक्क अबाधित ठेवून कसणाऱ्यास कर्ज व विमा मिळावा हीच दृष्टी होती. केरळात कुटुंबश्रीच्या महिला गटांनी पडीक जमिनी सामुदायिक रीत्या भाड्याने घेऊन भात व भाजीपाला पिकविला आहे. आपल्याकडे बचत गटांचे जाळे आहे, जमीनही आहे. अडते ते लेखी व विश्वासार्ह करारापाशी. तलाठी व ग्रामसेवक यांनी या कामी मध्यस्थी केल्यास ती मोठीच सेवा ठरेल.

यावर उपाय म्हणून फळबागांकडे पाहिले गेले. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग विकास कार्यक्रम १९९०-९१ मध्ये सुरू झाला आणि कोकणात आंबा-काजूखालील क्षेत्र त्याने झपाट्याने वाढविले. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु रोपास पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागते, गुरांपासून आणि वणव्यापासून राखण लागते. घरी माणूस नसेल तेथे कलम कागदावर वाढते. नाचणीची अडचणही याच जातीची आहे. रानडुकरे व वानरे रात्रंदिवस टपून असतात. आजूबाजूची वरकस ओस पडल्यावर मध्येच उरलेले एखादे नाचणीचे शेत राखणे एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. दहा घरांनी सलग तुकड्यात पेरणी केली तरच राखण परवडते.

या उतारांविषयी बोलताना २२ जुलै २०२१ च्या आपत्तीचा उल्लेख टाळता येणार नाही. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरास सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाड शहर पुराखाली गेले, तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी घरे गाडली. त्याआधी जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते या गावांनी हेच दुःख सोसले होते. इतक्या पावसात कोणता डोंगर का सुटला हे भूशास्त्रज्ञांनी जागेवर पाहून सांगावयाचे असते. सरसकट शेतीस किंवा तिच्या अभावास दोष देणे योग्य नव्हे. तथापि उतारावर यंत्राने सपाटीकरण करताना, रस्त्यासाठी कडा तासताना व नवे बांध घालताना पाण्याच्या जुन्या वाटा बुजणार नाहीत याची दक्षता आता ऐच्छिक राहिलेली नाही. तुटलेल्या बांधांची दुरुस्ती, समतल रेषेवर गवताच्या व गिरिपुष्पाच्या ओळी, आणि वाडीच्या माथ्यावरील उतारास भेगा पडत नाहीत ना याची जूनपूर्वी पाहणी, ही कामे शेतीच्या खात्यात धरावीत की आपत्ती निवारणाच्या, हा वाद निदान गावपातळीवर तरी नसावा.

ताटात काय आहे

पिकाचे भवितव्य शेवटी खाणाऱ्यावर ठरते. नाचणीत प्रत्येक शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना म्हणजे कॅल्शियम असते. तांदळात ते दहाच्या आसपास. असे असूनही डोंगरातील घरातून नाचणीची भाकरी व आंबील मागे सरली. याचे कारण केवळ आवड बदलली असे नव्हे. स्वस्त धान्य दुकानातून तांदूळ व गहू मिळू लागले, आणि भुकेच्या दिवसांत ते मोठे वरदान ठरले; पण ज्या धान्याची राखण, मळणी व दळण यांस सर्वाधिक श्रम लागतात ते धान्य आपोआपच बाजूस पडले. अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ मध्ये भरड धान्याचाही समावेश आहे. केंद्र शासनाने नाचणीची किमान आधारभूत किंमत २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ४,८८६ रुपये ठरविली, तर साधारण भाताची २,३६९ रुपये. आकडे नाचणीच्या बाजूचे आहेत. परंतु दर जाहीर होणे वेगळे आणि घाटाखालच्या वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर वजनकाटा लागणे वेगळे. चार पायली नाचणी घेऊन कोणी महाडास जात नाही.

ओडिशाने २०१७ पासून आपल्या आदिवासी भागांत जे केले ते या दृष्टीने अभ्यासनीय आहे. तेथे बियाणे, लागवड, खरेदी आणि आहारातील वापर ही कामे एकाच कार्यक्रमात गुंफली. काही ठिकाणी अंगणवाडीतील बालकांस नाचणीचे लाडू देण्यात आले. आपल्या राज्यातही शालेय पोषण आहाराच्या २०२४ मध्ये ठरविलेल्या पाककृतींत नाचणी सत्त्वास स्थान मिळाले. हे सत्त्व जर दूरच्या कारखान्यातून बंद पाकिटात आले, तर मुलांचे पोषण होईल, पण पोलादपूरच्या वरकसाचे काहीच होणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीने बचत गटाकडून स्थानिक नाचणी घेण्याची शक्यता नियमांच्या चौकटीत तपासून पाहावी. पटसंख्या व आठवड्याचे प्रमाण ठाऊक असल्याने वर्षाची मागणी आधीच काढता येते, आणि दहा घरांनी किती गुंठे पेरावेत हेही.

वरीची गोष्ट याहून साधी व याहून खेदाची आहे. मुंबई-पुण्याच्या घरोघरी उपवासास वरीचे तांदूळ लागतात. कोकणातील वरी मात्र शेतातच मागे पडली, कारण तिचे बारीक टरफल काढणे हे उखळ-मुसळाचे जिकिरीचे काम आहे. भगरीच्या गिरण्या प्रामुख्याने नाशिक भागात आहेत. लहान आकाराचे टरफल काढणी यंत्र एका खोलीत बसते व गटाच्या आवाक्यातील असते. दोन-तीन ग्रामपंचायतींनी मिळून असे एक यंत्र बसविले, तर ज्या बायका ‘वरी कांडायची कोणी?’ म्हणून ती पेरीत नाहीत, त्यांचा निम्मा प्रश्न मिटतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नाचणीच्या सुधारित जाती दिल्या आहेत. रोहे येथील कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे. बियाण्यापेक्षा कांडण हीच येथील खरी अडचण आहे, असे आमचे मत झाले आहे.

राहता राहिला वाल. भातकापणीनंतर खाचरात जी ओल उरते तिच्यावर, एकही पाणी न देता, वाल व कुळीथ येतात. हवेतील नत्र जमिनीत साठवून पुढच्या भातालाही ते उपकारक ठरतात. रायगडच्या कडव्या वालास मुंबईच्या बाजारात नेहमीच मागणी आहे. असे असता कापणी होताच गुरे मोकाट सोडण्याच्या रिवाजामुळे एकट्यादुकट्याने वाल पेरणे म्हणजे दुसऱ्याच्या गुरांसाठी वैरण पेरणे होय. चराईबंदीचे महत्त्व हिवरे बाजारसारख्या गावांनी अवर्षणाच्या प्रदेशात दाखवून दिले आहे; येथे ती बारमाही असण्याचीही गरज नाही, नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढी पुरे. ओढ्यावर रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत वाळू-माती भरून घातलेला वनराई बंधारा वालाला नव्हे तरी परसातील भाजीला व गुरांच्या पाण्याला आधार देतो. ‘वनराई’चे संस्थापक डॉ. मोहन धारिया हे महाड तालुक्यातील नाते गावचे, ही गोष्ट स्थानिक वाचकांस अभिमानास्पद वाटेल.

हे सर्व वेळेवर व्हावयाचे तर निर्णय भात कापण्यापूर्वी झाला पाहिजे, कारण कापणीनंतर खाचराची ओल फार दिवस थांबत नाही. २ ऑक्टोबरची ग्रामसभा ही त्यासाठी योग्य वेळ. मोकाट गुरे कोणत्या तारखेपासून बांधावयाची, कोंडवाड्याची व्यवस्था कोणी पाहावयाची, गुराख्याची मजुरी घरटी किती, आणि बंधाऱ्याची जागा कोणती, एवढे चार विषय सभेच्या सूचनेत आधीच लिहिलेले असावेत. सप्टेंबरात गणपतीस आलेल्या चाकरमान्यांशी ज्या गावांनी याबाबत बोलणे करून ठेवले असेल, तेथे ओस खाचरांच्या मालकांची संमतीही त्याच सभेत नोंदविता येईल.